सटवाईचा लेख कीं संवयीचा लेख?

(गांवच्या पालकसभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेंत मुलांच्या शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली. शिक्षणावरचीं भाषणें आपण पुष्कळ ऐकलीं. शिक्षण घ्या, शिक्षण घ्या, असें सांगून सांगून सांगणारे थकले, आणि त्यांचें सांगणें खरेंच होतें. परंतु मूल शिकतें म्हणजे नेमकें काय होतें, हें मात्र शेतकऱ्याला आणि कारागिराला कोणी फारसें सांगितलें नाहीं. आज तेवढेंच सांगण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या घरीं मूल जन्मलें कीं पांचव्या रात्रीं पाटा पुजतात. पाट्याजवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. रात्रीं सटवाई येते आणि बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहून जाते, अशी समजूत. सकाळीं उठून कागद पाहावा तर तो कोराच असतो. त्या कोऱ्या कागदाकडे आपण कधीं नीट पाहिलेंच नाहीं. पुढें तें मूल शाळेंत जातें, दुसरी-तिसरींत अडखळतें, आणि बाप आमच्याकडे येऊन म्हणतो, "गुरुजी, आमच्या रक्तांतच विद्या नाहीं. त्याच्या नशिबीं औतच लिहिलें आहे." हें वाक्य आम्ही शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलें, कुंभाराच्या तोंडून ऐकलें, सुताराच्या आणि चांभाराच्याही तोंडून ऐकलें. जे स्वतःस जन्मानें शहाणे समजत आले त्यांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानांत ओतलें. आतां त्यांना बोलण्याचे कष्टही पडत नाहींत. आपणच तें आपल्या लेंकरांना ऐकवितों.

आमचें आजचें सांगणें इतकेंच, कीं हें वाक्यसुद्धां शिकलेलें आहे. मनुष्य जसें लिहिणें-वाचणें शिकतो तसेंच भिणें शिकतो, रडणें शिकतो, हट्ट शिकतो, आणि 'मला जमणार नाहीं' हेंही शिकतो. या शिकण्याचे नियम आहेत. ते नियम जात विचारीत नाहींत. ज्याला ते कळले त्याच्या हातीं मुलाचें पुष्कळसें भवितव्य येतें.

पहिला नियम आपल्या गोठ्यांतच आहे. पहिल्या वेताची म्हैस बादलीचा आवाज ओळखीत नाहीं. रेडकूं कांसेला लागल्यावर मगच ती पान्हा सोडते. परंतु रोज बादली वाजली, आंबोण पुढें आलें आणि मागून धार काढली, असें महिनाभर झालें म्हणजे नुसती बादली वाजली तरी तिला पान्हा फुटतो. बादलीचा आणि दुधाचा जन्माचा संबंध नाहीं. तो रोजच्या जोडीनें जडला. आणि हेंही मायबहिणींना ठाऊक आहे, कीं धारेच्या वेळीं कोणी तिला काठी मारली किंवा अंगावर कुत्रें धांवून आलें, तर ती पान्हा चोरते. कांसेंत दूध असतें, पण हाताला येत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. आपणांस तिचें पुढें काम पडेल.

हाच संबंध रशियांतील इव्हान पावलोव्ह यांनीं कुत्र्यांवर मोजून दाखविला. ते एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. पाद्री होण्याचें शिक्षण सोडून ते सृष्टिशास्त्राकडे वळले. अन्नपचनावरील शोधाबद्दल त्यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कुत्र्याला किती लाळ सुटते हें ते मोजीत असत. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, चारणाऱ्या गड्याची चाहूल लागतांच कुत्र्याला लाळ सुटते. मग त्यांनीं अन्नापूर्वीं ठराविक आवाज करावयास सुरुवात केली. कांहीं दिवसांनीं अन्न नसलें तरी त्या आवाजानेंच लाळ सुटूं लागली. पुढें आवाज करून अन्न द्यावयाचें नाहीं असें वारंवार केलें, तेव्हां लाळ कमी कमी होऊन थांबली. जडलेला संबंध अशा रीतीनें मोडतां येतो. परंतु कांहीं काळ विसांवा देऊन पुन्हां तोच आवाज केला, तर थोडी लाळ परत सुटली. म्हणजे जुनी संवय एका दिवसांत समूळ जात नाहीं. ती गेलीशी वाटते आणि पुन्हां डोकें वर काढते. दारू सोडणाऱ्या माणसाच्या बायकोला हें सांगावें लागत नाहीं.

आतां भीति कशी शिकली जाते तें पाहा. १९२० सालीं अमेरिकेंत जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनीं एक प्रयोग छापला. अकरा महिन्यांचें एक मूल पांढऱ्या उंदराशीं निर्भयपणें खेळत असे. त्या मुलानें उंदराला हात लावला कीं मागें पोलादी कांबीवर हातोडा हाणून मोठा आवाज करावयाचा, असें त्यांनीं केलें. थोड्याच खेपांत तें मूल उंदीर दिसतांच रडूं लागलें. इतकेंच नव्हे, तर ससा, कुत्रा आणि केंसाळ कोट पाहूनही तें भिऊं लागलें. मुलाच्या मनांत भीति घातली, आणि ती काढून न टाकतांच त्याला जाऊं दिलें. प्रयोग निर्दय होता, आणि आज असा प्रयोग कोणी करूं देणार नाहीं. परंतु आपण विद्वानाला नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या घराकडे पाहूं. "थांब, गुरुजींना सांगतें," "थांब, तुला शाळेंत कोंडून ठेवतों," असें म्हणून चार वर्षें मुलाला भेवडावणारे आपणच. पाटी पुढें आली कीं छडी, पुस्तक उघडलें कीं शिवी. उंदीर आणि हातोडा यांची जशी जोडी, तशीच ही. मग तें मूल पाटीला भितें, पुस्तकाला भितें, शाळेच्या फाटकाला भितें, आणि आपण म्हणतों, याचें शिक्षणांत मन नाहीं.

ही भीति काढतां येते. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं सशाला भिणाऱ्या एका लहान मुलावर तो उपाय करून दाखविला. मूल आवडीचा खाऊ खात असतां ससा पिंजऱ्यांत घालून दूर ठेवावयाचा. दुसऱ्या दिवशीं थोडा जवळ, तिसऱ्या दिवशीं आणखी जवळ. घाई करावयाची नाहीं, मूल दचकलें तर मागें सरावयाचें. शेवटीं तें मूल सशाला कुरवाळूं लागलें. पुस्तकाला भिणाऱ्या मुलाला हेंच औषध आहे. त्याला मांडीवर घ्या, गूळ-शेंगदाणे द्या, आणि चित्रांचें पुस्तक नुसतें जवळ असूं द्या. आईला वाचतां येत नसलें तरी चालेल. "हें काय, तें काय," असें विचारतां तरी येतें ना?

दुसरा नियम कामाच्या फळाचा. एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलेलें मांजर एका पेटींत कोंडावयाचें आणि बाहेर खाऊ ठेवावयाचा. पेटींत एक दोरी किंवा खिटी असे. ती ओढली तर दार उघडे. मांजर आधीं ओरबाडी, चावे, धडपडे, आणि धडपडतां धडपडतां एकदां चुकून दार उघडे. पुन्हां कोंडलें कीं पुन्हां धडपड. पण खेपेगणिक वेळ कमी लागे. शेवटीं कोंडतांच तें सरळ खिटीकडे जाई. ज्या कृतीमागून समाधान येतें ती कृति पक्की होते, हा त्यांचा सिद्धांत. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. याच थॉर्नडाइक यांनीं बुद्धि मुख्यतः वंशांतून येते असा पक्ष उचलून धरला होता, आणि उत्तम वंशाची निपज वाढवावी असें म्हणणाऱ्यांत ते होते. ज्या कॉलेजांत ते शिकवीत, त्या कॉलेजानें याच कारणास्तव २०२० सालीं आपल्या इमारतीवरून त्यांचें नांव उतरविलें. विद्वानाचा प्रयोग घ्यावा, त्याचा गर्व घेऊं नये.

या नियमांत एक बारकावा आहे, आणि तो कारागिराला पुरता ठाऊक आहे. फळ लगेच दिसलें पाहिजे. कुंभाराचा मुलगा चाकावर माती चढवितो. बोट जास्त दाबलें कीं भांडें तेथेंच वांकडें होतें. हात सावरला कीं तेथेंच सरळ येतें. चूक आणि तिचें फळ यांत श्वासाचेंही अंतर नसतें. म्हणून तो मुलगा कोणाच्या छडीवांचून तें काम शिकतो. तोच मुलगा शाळेंत गणित करतो आणि त्याची वही आमच्याकडे पंधरा दिवस पडून राहते. पंधरा दिवसांनीं लाल फुली पाहून त्यानें काय शिकावें? तें गणित कसें मांडलें होतें हेंही तो विसरलेला असतो. हा दोष मुलाचा नाहीं, आम्हां शिक्षकांचा आहे, आणि तो आम्ही या सभेंत कबूल करतों.

आतां छडीविषयीं. छडी हेंही एक फळच नव्हे काय, असें आपण विचाराल. होय. परंतु छडी काय करूं नये एवढेंच सांगते. काय करावें हें ती सांगत नाहीं. थॉर्नडाइक यांनीं स्वतः पुढें कबूल केलें, कीं बक्षिसानें कृति जितकी पक्की होते तितकी शिक्षेनें ती पुसत नाहीं. मारलेला मुलगा चूक टाळावयास शिकत नाहीं, मारणाराला टाळावयास शिकतो. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षीं आम्हींही छडी चालविली. एक मुलगा होता, मेंढक्याचा. कळपांत किती मेंढरें, किती गाभण, किती विकलीं, याचा हिशेब तो तोंडावर करी. वर्गांत मात्र आम्ही फळ्याजवळ उभें केलें कीं त्याची वाचा बसे. आम्हांस वाटलें, हट्ट करतो, आम्हीं मारलें. त्यानें एक अक्षर काढलें नाहीं, आणि दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं. आम्ही त्याच्या वाड्यावर गेलों, तेव्हां तो मेंढरांच्या मागें पळून गेला. पान्हा चोरणाऱ्या म्हशीची गोष्ट आम्हीं मघां सांगितली ना? त्या मुलाच्या डोक्यांत गणित होतें, आणि तें आमच्याच काठीनें आंत राहिलें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें १७ वें कलम शाळेंत मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करतें. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. परंतु आम्हांस अक्कल कायद्यापूर्वींच त्या मेंढक्याच्या पोरानें शिकविली. फक्त ती त्याच्या उपयोगीं पडली नाहीं.

फळाच्या नियमाचें एक वांकडें अंग आहे, आणि त्यांत आपण सारे फसतों. बी. एफ. स्किनर नांवाचे अमेरिकन शास्त्रज्ञ (१९०४–१९९०) यांनीं दाखविलें, कीं प्रत्येक खेपेस बक्षीस दिलेली संवय बक्षीस थांबलें कीं लौकर सुटते. पण कधीं द्यावें, कधीं देऊं नये, असें केलेली संवय फार चिवट होते. बाजारांत पोर जिलबीसाठीं रडतें. नऊ वेळां आपण 'नाहीं' म्हणतों आणि दहाव्या खेपेस कंटाळून देतों. आपणांस वाटतें, नऊ वेळां नाहीं म्हटलें. पोर शिकतें तें असें, कीं दहा वेळां रडलें पाहिजे. मटक्याचा आंकडा आणि मोबाईलवरचा खेळ याच दोरीनें माणसाला बांधतात. सदाच हरणारा माणूस उठून जातो. मधून मधून जिंकणारा घरदार विकून बसतो. म्हणून 'नाहीं' म्हणावयाचें तर शेवटपर्यंत नाहीं म्हणावें, आणि द्यावयाचें तर पहिल्या शब्दाला द्यावें.

याच स्किनर यांनीं १९४८ सालीं आणखी एक प्रयोग छापला. तो सत्याचा शोध करणाऱ्या प्रत्येक घरानें ऐकावा असा आहे. आठ भुकेलीं कबुतरें वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवलीं. ठराविक सेकंदांनीं दाणे आपोआप पुढें येत. कबुतर कांहीं करो वा न करो. थोड्या दिवसांत आठांपैकीं सहा कबुतरांना चमत्कारिक खोडी जडल्या. एक गोल गोल फिरे, एक कोंपऱ्यांत डोकें खुपशी, एक मान झोंके. दाणे येण्याच्या वेळीं जें कबुतर जें करीत होतें, त्यानेंच दाणे येतात असा जणूं त्यांचा समज झाला, असें स्किनर म्हणाले. पुढें १९७१ सालीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं हा प्रयोग पुन्हां करून त्याचा वेगळा अर्थ लावला, आणि तो वाद विद्वानांचा आहे. आपण आपल्यापुरतें पाहूं. ताप सात दिवसांनीं उतरणारच होता. सहाव्या दिवशीं अंगारा लावला, सातव्या दिवशीं ताप उतरला, आणि अंगाऱ्याचें नांव झालें. पाऊस यावयाचाच होता. आदल्या दिवशीं कोंबडें कापलें, आणि कोंबडें घेणाराची कायमची सोय झाली. गोल फिरणारें कबुतर निदान दुसऱ्या कबुतराकडून दक्षिणा तरी घेत नाहीं!

तिसरा नियम पायरीचा. तो आम्ही विद्वानांकडून न घेतां आपल्याकडूनच घेतों. गोऱ्हा औताला शिकवावयाचा तर पहिल्याच दिवशीं त्याला नांगराला कोणी जुंपतो काय? आधीं दाव्याची संवय, मग मानेवर नुसतें जूं, मग मोकळ्या रानांत हलका ओंडका, मग जाणत्या बैलाच्या जोडीनें दोन तास, आणि शेवटीं खरी नांगरट. प्रत्येक पायरीवर पाठीवर थाप. बिथरला तर एक पायरी मागें. स्किनर यांनीं कबुतरांना नाना कसरती शिकविल्या त्या याच रीतीनें. आपला कुणबी तें त्यांच्या आधीं शेंकडों वर्षें करीत आला. आणि हाच कुणबी पोराच्या बाबतींत ही अक्कल कोठें ठेवतो? अक्षरओळख पक्की नाहीं तों धडा वाचावयास लावतो, पाढे येत नाहींत तों भागाकार विचारतो, आणि अडलें कीं 'ढोर' म्हणतो. अहो, ढोराला तरी आपण पायरीपायरीनें शिकवितों!

त्या गोऱ्ह्याशेजारीं आपण जाणता बैल जुंपतों, कारण तो पाहून शिकतो. माणसाचें पोर त्याहून कितीतरी अधिक पाहून शिकतें. १९६१ सालीं आल्बर्ट बँडुरा व त्यांचे सहकारी यांनीं बालवाडींतील ७२ मुलांवर प्रयोग केला. कांहीं मुलांसमोर मोठ्या माणसानें हवेच्या एका मोठ्या बाहुलीला ठोसे मारले, मारहाणीचे शब्द उच्चारले. कांहींसमोर तें माणूस शांत खेळत बसलें. मागाहून मुलांना खेळावयास सोडलें, तेव्हां मारहाण पाहिलेल्या मुलांनीं बाहुलीला तसेंच, त्याच शब्दांनीं बडविलें. त्यांना कोणी शिकविलें नव्हतें, बक्षीस दिलें नव्हतें. जो बाप आईवर हात टाकतो, त्याची शाळा घरांत चालूच असते. आणि जी आई दिवसाकाठीं दहा मिनिटें वर्तमानपत्र अक्षर लावून वाचते, तिचीही शाळा चालूच असते.

आतां आम्ही मूळ गोष्टीकडे येतों. 'आपल्याला जमणार नाहीं' हें माणूस कसा शिकतो? १९६७ सालीं मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनीं कुत्र्यांवर एक क्रूर प्रयोग केला. कांहीं कुत्र्यांना विजेचे धक्के बसत, परंतु नाकानें एक फळी दाबली कीं धक्का थांबे. दुसऱ्या कुत्र्यांना तितकेच धक्के बसत, परंतु त्यांनीं कांहींही केलें तरी ते थांबत नसत. दुसऱ्या दिवशीं सर्वांना अशा पेटींत सोडलें, कीं मधली बुटकी भिंत ओलांडली म्हणजे सुटका होई. पहिल्या कुत्र्यांनीं लौकरच उडी मारली. दुसऱ्यांतील बहुतेक तेथेंच कण्हत पडून राहिले. भिंत बुटकी होती, पाय धड होते. आपल्या करण्यानें कांहीं होत नाहीं, असें तीं जनावरें शिकलीं होतीं, असा अर्थ त्या वेळीं लावला गेला. पन्नास वर्षांनीं, २०१६ सालीं, त्याच दोघांनीं मेंदूवरील नवे शोध पाहून आपलें मत फिरविलें. ते म्हणाले, दीर्घ त्रासांत गळून पडणें हें शिकावें लागत नाहीं, तें आपोआप येतें. शिकावें लागतें तें हें, कीं माझ्या करण्यानें कांहीं बदलतें. बंधूंनो, हें वाक्य घरीं घेऊन जा. गुलामी आपोआप येते. स्वाधीनता शिकवावी लागते. त्या पडलेल्या कुत्र्यांना कसें सुधारलें, तेंही ऐका. त्यांना उपदेश केला नाहीं, मारलें नाहीं. गळ्यांत दोरी बांधून भिंतीपलीकडे ओढून नेलें; एकदां नव्हे, पुष्कळदां. पलीकडे सुटका आहे हें अंगानें कळलें, तेव्हां तीं आपण होऊन उडी मारूं लागलीं.

आपल्या गळ्यांतील धक्का विजेचा नव्हता, जातीचा होता. त्याचाही प्रयोग झाला आहे, आणि तो आपल्याच देशांत. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या दोघी अर्थशास्त्रज्ञांनीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवावयास दिले. तें काम २००६ सालीं छापून आलें. जोंपर्यंत कोणाची जात उच्चारली नव्हती, तोंपर्यंत वरच्या म्हणविणाऱ्या जातींचीं मुलें आणि दलित मुलें यांच्या कामांत म्हणण्याजोगा फरक पडला नाहीं. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचें नांव, गांव, बापाचें व आजाचें नांव आणि जात सर्वांसमक्ष पुकारली. दलित मुलांचें काम एकदम खालीं आलें. रक्त तेंच होतें, डोकें तेंच होतें, चक्रव्यूह तेच होते. मधें फक्त एक शब्द उच्चारला गेला. आम्हांस तर तो शब्द पावलोव्ह यांच्या आवाजासारखा वाटतो. त्या शब्दामागून आजवर अपमानच आला. म्हणून शब्द ऐकतांच हात गळाले.

मुलामुलांत जन्माचा फरक मुळींच नसतो, असें आम्ही म्हणत नाहीं. एका आईचीं दोन पोरें सारखीं नसतात. एकाला लौकर येतें, एकाला उशिरा. वॉटसन यांच्यासारख्यांनीं सारें कांहीं संवयीवर सोंपविलें, ती अतिशयोक्तिच होती. परंतु हा फरक जातीजातींनीं वांटलेला नाहीं. तो प्रत्येक घरांत आहे, ब्राह्मणाच्या घरांत आहे तसाच बलुतेदाराच्या घरांत आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली, कीं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, आणि शिक्षक शक्य तों शेतकरीवर्गांतून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील. त्या वेळीं पावलोव्ह यांचे लाळेचे प्रयोग अद्याप व्हावयाचे होते. परंतु ज्याच्या सांवलींत मूल आकसतें त्याच्या हातून तें मूल शिकत नाहीं, हें जोतीरावांनीं ओळखलें होतें.

तेव्हां घरीं जाऊन करावयाचें काय? फार नाहीं. पाटीपुस्तकाच्या वेळीं शिवी आणि काठी घरांतून बाहेर ठेवा. मुलानें एक अक्षर नीट काढलें तर त्याच क्षणीं, त्याच अक्षरावर बोट ठेवून, 'हें छान काढलेंस' असें म्हणा. आठ दिवसांनीं म्हटलेलें वाया जातें. अडलें तर एक पायरी मागें जा. रोज थोडें करा. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागून पाठ केलेलें लौकर उडून जातें. घरांत असें एखादें काम मुलाच्या स्वाधीन करा, कीं ज्याचें फळ त्याच्या करण्यावर असेल: चार रोपें, एक शेळी, दुकानाचा दिवसाचा हिशेब. मुलीलाही तेंच द्या. तिच्या वांट्याला आपण नेहमीं तें काम देतों ज्याचें फळ कोणाला दिसत नाहीं. भाकरी खाल्ली कीं संपली. तिच्याही हातीं हिशेबाची वही येऊं द्या. आणि 'आपल्या रक्तांत विद्या नाहीं' हें वाक्य आजपासून जिभेवर आणूं नका. तें वाक्य म्हणजे पोलादी कांबीवरचा हातोडा आहे, आणि तो आपल्याच हातांत आहे.

आमच्याकडूनही एक वचन घ्या. वही आम्ही त्याच दिवशीं तपासूं. वर्गांत कोणाची जात पुकारणार नाहीं. आणि तुमचें पोर शाळेंत आलें नाहीं, तर त्याच्या मागें आम्ही रानांत येऊं; छडी घेऊन नव्हे, मोकळ्या हातांनीं येऊं.

पांचव्या रात्रींचा तो कागद सकाळीं कोरा असतो, हें आपल्या आयाबायांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. सटवाई त्यावर कांहीं लिहीत नाहीं. लिहितों आपण, रोज, न कळत. इतउप्पर कळून लिहूं या.